छोट्या श्वानांची पैदास : हौस, व्यवसाय आणि जबाबदारी

शहरांतील सदनिका लहान होत गेल्या, तसा घरात पाळावयाचा श्वानही लहान होत गेला. पॉमेरेनियन, पग, डॅशहुंड, शिह त्झू अशा जातींची पिल्ले आता केवळ मुंबई-पुण्यातच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही दिसू लागली आहेत. मागणी आहे असे दिसताच पुरवठा करणारेही पुढे येतात. घरी एक मादी आहे, ओळखीच्या घरी त्याच जातीचा नर आहे, तेव्हा चार पिल्ले विकून दोन पैसे मिळवावेत, असा विचार अनेक तरुणांच्या व गृहिणींच्या मनात येतो. या विचारात गैर असे काही नाही. मात्र लहान कुत्रा म्हणजे सोपा कुत्रा, हा जो समज त्यामागे असतो, तो तपासून पाहणे अगत्याचे आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जनावराचा देह जेवढा लहान, तेवढी चुकीला जागा कमी.

पैदास कोणाची व कशासाठी ?

श्वानांच्या जातींचीही लाट येते. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील शुभ्र, झुबकेदार कुत्रा घरोघरी माहीत झाला. २००३ च्या सुमारास एका मोबाइल दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीने पगला तशीच प्रसिद्धी मिळवून दिली. लाटेवर स्वार होऊन केलेल्या पैदाशीत जातीचे गुणदोष पाहिले जात नाहीत. मिळेल तो नर आणि मिळेल ती मादी एकत्र आणली जाते.

आपल्याकडे सर्रास ‘पामेरियन’ म्हणून ओळखला जाणारा कुत्रा पुष्कळदा ‘इंडियन स्पिट्झ’ असतो. अस्सल पॉमेरेनियन अवघ्या दोन-तीन किलोंचा, तर स्पिट्झ त्याहून बराच मोठा. स्पिट्झ आपल्या हवामानात उत्तम रुळलेला, काटक प्राणी आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु घेणाऱ्याला तो कोणता प्राणी घेत आहे, हे खरे सांगणे हा प्रामाणिक व्यवसायाचा पहिला नियम होय.

प्रत्येक जातीची काही दुखणी वंशपरंपरेने चालत येतात. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकणे, श्वासनलिका दबणे व दुधाचे दात न पडणे हे दोष विशेष आढळतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना श्वास घेण्याचाच त्रास असतो. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा त्यांना सोसवत नाही. डोके मोठे व कटिभाग अरुंद असल्याने त्यांच्या माद्यांची प्रसूती अनेकदा शस्त्रक्रियेनेच करावी लागते. ज्या नरात वा मादीत असे दोष स्पष्ट आहेत, ती कितीही देखणी असली तरी तिची पैदास करू नये. ‘टीकप’ या गोंडस नावाखाली मुद्दाम खुजी पिल्ले जन्माला घालणे म्हणजे तर जाणूनबुजून दुबळेपणाची पैदास करणे होय.

कायदा काय सांगतो ?

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली केंद्र शासनाने २०१७ साली श्वानांची पैदास व विक्री यांसंबंधी स्वतंत्र नियम केले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे त्यान्वये आवश्यक आहे. नर व मादी निरोगी आणि किमान अठरा महिन्यांची असावीत, तशी पशुवैद्यकाची खात्री असावी, जनावरांच्या नोंदी ठेवाव्यात आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, अशा या नियमांतील प्रमुख तरतुदी आहेत. घरगुती स्वरूपात एक-दोन माद्या ठेवून विक्री करणाऱ्यानेही व्यवसायास आरंभ करण्यापूर्वी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात जाऊन याबाबत चौकशी करावी.

अठरा महिन्यांची अट निरर्थक नाही. लहान जातींच्या माद्या सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान प्रथम माजावर येतात. परंतु त्या वेळी त्यांची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते. कालवड लवकर भरविली तर काय होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तोच न्याय येथेही लागू आहे. मादी साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येत असली, तरी वर्षाकाठी एकाहून अधिक वेत घेऊ नये. सख्ख्या भावंडांचा अथवा बाप-लेकीचा संयोग सर्वथा टाळावा. नर मादीहून आकाराने मोठा नसावा. पोटातील पिल्लू मोठे झाल्यास त्याचा भार लहान मादीलाच सोसावा लागतो.

गाभणकाळ व प्रसूती

कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. संयोगाची तारीख लिहून ठेवणे ही सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयुक्त नोंद होय. साधारण चौथ्या आठवड्यात सोनोग्राफीने गर्भ राहिल्याचे कळते, तर शेवटच्या आठवड्यात काढलेल्या क्ष-किरण चित्रावरून पिल्लांची संख्या मोजता येते. लहान जातींत बहुधा एक ते चार पिल्ले होतात. पिल्लू एकच असेल, तर ते प्रमाणाबाहेर वाढून अडण्याचा संभव असतो. म्हणून ही संख्या आधी कळलेली बरी.

गाभण मादीचा आहार पहिले पाच आठवडे नेहमीचाच असावा. पुढे तो हळूहळू वाढवावा व थोडा थोडा करून अनेकदा द्यावा. हाडे बळकट व्हावीत म्हणून या काळात आपल्याच मनाने कॅल्शियमच्या गोळ्या वा औषधे देण्याची पद्धत आढळते. ती हितावह नाही. बाहेरून आयते कॅल्शियम मिळू लागले की हाडांतील साठा वापरण्याची शरीराची शक्ती मंदावते, आणि दूध सुरू झाल्यावर ऐन गरजेच्या वेळी मादी संकटात सापडते.

प्रसूतीच्या आठ-दहा दिवस आधी घरातील शांत कोपऱ्यात कमी उंचीची पेटी ठेवून मादीला तिची सवय करावी. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा तापमान घ्यावे. एरवी १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असणारे तापमान ९९ अंशांच्या खाली उतरले, की बहुधा चोवीस तासांत प्रसूती होते. पुढील तीन लक्षणे दिसताच वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे : जोराच्या कळा येऊनही अर्ध्या तासात पिल्लू बाहेर न येणे, एका पिल्लानंतर दुसरे आत असताना दोन तास उलटणे, आणि पहिले पिल्लू येण्यापूर्वीच हिरवट स्राव दिसणे. पिल्लू ओढून काढण्याचा घरगुती प्रयत्न माय व पिल्लू दोघांच्याही जिवावर बेततो. म्हणूनच रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्यक किती अंतरावर आहे, हे संयोगापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. तशी सोय नसलेल्या गावात लहान जातींची पैदास न करणे हेच शहाणपणाचे.

दूधज्वराचा धोका

गाय व्याल्यानंतर होणारा दूधज्वर ग्रामीण वाचकांना परिचित आहे. लहान कुत्र्यांतही हाच विकार होतो. फरक एवढाच की तो बहुधा पिल्ले दोन ते चार आठवड्यांची असताना, दूध भरात आले की उद्भवतो. मादी अस्वस्थ होते, धापा टाकते, ताठ चालते, थरथरते आणि पुढे तिला झटके येतात. गायीचे अंग थंड पडते, तर कुत्रीला मात्र तीव्र ताप चढतो. काही तासांत उपचार न झाल्यास ती दगावते. वेळेवर शिरेतून कॅल्शियम मिळाल्यास पाहता पाहता सावरते. अशा वेळी पिल्ले तत्काळ बाजूला काढून मादीला दवाखान्यात न्यावे.

पिल्लांचे संगोपन

पहिल्या दिवसाचा चीक प्रत्येक पिल्लाच्या पोटात गेलाच पाहिजे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. पेटीच्या एका भागात सुमारे ३० अंश सेल्सियस उष्णता असावी व दुसरा भाग थंड असावा, म्हणजे मादीला हवे तेव्हा दूर होता येते. स्वयंपाकघरातील लहान काट्यावर रोज वजन करून लिहून ठेवावे. जन्माचे वजन आठ-दहा दिवसांत दुप्पट होणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. वजन वाढणे थांबले, तर आजार डोळ्यांना दिसण्याच्या आधी काटा तो सांगतो.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू करावे. लहान पिल्लांच्या शरीरात साखरेचा साठा नगण्य असतो. दोन-तीन वेळचे खाणे चुकले तरी ती लटपटतात व मूर्च्छित होतात. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळून तातडीने उपचार मिळवावेत. दुसऱ्या आठवड्यापासून जंतनाशक, सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपर यांवरील लसी आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस, हा क्रम पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाळावा.

आठ आठवडे पिल्लू आईपाशी ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. किती जोराने चावले म्हणजे दुखते, हे पिल्लू भावंडांत खेळूनच शिकते. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसांचा, मुलांचा व घरातील आवाजांचा परिचय झालेले पिल्लू पुढे भित्रे वा चावरे होण्याचा संभव कमी असतो. घाईने विकलेले पिल्लू हा शिक्षणाचा काळ गमावून बसते.

विक्रीनंतरची जबाबदारी

पिल्लू विकले म्हणजे काम संपले, असे मानणारा पैदासकार गावाच्या प्रश्नात भर घालतो. हौस फिटल्यावर, आजार निघाल्यावर वा बदली झाल्यावर सोडून दिलेला पाळीव कुत्रा रस्त्यावर येतो. भटक्या श्वानांचे निर्बीजीकरण व लसीकरण यांचा भार २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार स्थानिक संस्थांवर आहे; म्हणजे एका घराच्या नफ्याचा खर्च अखेर सर्व गावाच्या माथी येतो. चांगला पैदासकार घेणाऱ्याची चौकशी करतो, लसीकरणाची नोंद हाती देतो, पैदाशीसाठी नको असलेल्या पिल्लाचे निर्बीजीकरण करून घेण्यास सांगतो आणि सांभाळता न आल्यास ते कोणत्याही वयात परत घेण्याची हमी देतो. ही हमी देता येत नसेल, तर वेत घेऊ नये.

या व्यवसायात नवख्याला मिळकतीचा आकडा प्रथम दिसतो. तपासण्या, लसी, आहार, रात्रीची जाग्रणे आणि एखादी शस्त्रक्रिया हे सारे नंतर उमगते. एका शस्त्रक्रियेत दोन-तीन पिल्लांच्या वेताची कमाई संपू शकते. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्याकडे तरुण मंडळी सल्ल्यासाठी येतात. त्यांना चार प्रश्न अवश्य विचारावेत : नोंदणी केली काय ? नर-मादीची तपासणी झाली काय ? रात्री पशुवैद्यक मिळेल काय ? आणि न विकलेले वा परत आलेले पिल्लू तुमच्या घरी राहील काय ? चारही उत्तरे होकारार्थी असतील तर या हौशीस उत्तेजन द्यावे. एकही उत्तर नकारार्थी असेल, तर कुत्रा पाळण्याचा आनंद घ्यावा व पैदास दुसऱ्यावर सोपवावी, असा सल्ला देणे हेच त्या मुक्या मादीच्या, त्या कुटुंबाच्या आणि गावाच्याही हिताचे आहे.