डोहातला मुटका, टँकमधला सूर

महाड-पोलादपूरकडे पोहायला कोण शिकवतं? पाठीला बांधलेला डबा, विहिरीच्या काठावर उभा असलेला काका आणि मे महिन्याची सुट्टी. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत, म्हणून विहीरच बरी, आणि तीही मोठं माणूस सोबत असताना. पण जी पोरं हाका मारमारूनही पाण्याबाहेर येत नाहीत, त्यांना एकदा पोहण्याच्या स्पर्धेला न्याच! तिथले नियम ऐकून ती खूश होतील.

फ्रीस्टाइल म्हणजे हवं तसं पोहा. विहिरीत शिकलेला गावठी हातसुद्धा चालतो! दमलात तर तळावर पाय टेकून उभं राहता येतं. चालायचं मात्र नाही, लेनची दोरी ओढायची नाही आणि शेवटी भिंतीला शिवायचं.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकदम लागायला हवेत. एक हात आधी लागला की बाद. पहिल्या स्पर्धेत इथेच डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा आईबाबांनी रागावू नये, जवळ घ्यावं.

बॅकस्ट्रोकमध्ये भिंत दिसत नाही. म्हणून तिच्यापासून ५ मीटरवर, पाण्याच्या वर, झेंड्यांची माळ लावतात. ती दिसली की हात मोजायचे.

‘आमच्या बाळ्याला कडेची लेन का?’ आठ लेनच्या टँकमध्ये सगळ्यात वेगवान मूल चौथ्या लेनमध्ये असतं. ज्याचं टायमिंगच नोंदलेलं नाही, त्याला सर्वांत संथ धरतात. पहिल्या खेपेला कडेची लेन मिळणं अगदी साहजिक आहे.

२००० साली सिडनी ऑलिंपिकला इक्वेटोरिअल गिनीचा एरिक मुसांबानी आला. ५० मीटरचा तलाव त्याने त्याआधी पाहिलाही नव्हता. त्याच्या हीटमधले, म्हणजे प्राथमिक शर्यतीतले, बाकीचे दोघेही इशाऱ्याआधी सूर मारून बाद झाले. राहिला तो एकटा. धापा टाकत, शेवटी जेमतेम सरकत त्याने १०० मीटर पुरे केले : १ मिनिट ५२.७२ सेकंद. अख्खं स्टेडियम त्याच्यासाठी ओरडत होतं, आणि हीट त्याने जिंकली!

आपली माणसंही थोर आहेत. कोल्हापूरचा वीरधवल खाडे बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं. त्या स्पर्धांमध्ये पोहण्यातलं पदक भारताला २४ वर्षांनी दिसलं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये पोहून सुवर्ण घेऊन आले. आणि धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे समुद्रातलं नावाजलेलं अंतर तर आपल्याच रायगड जिल्ह्यातून सुरू होतं.

स्पर्धेला जाताना दोन गॉगल, दोन टॉवेल आणि भरपूर खाऊ घ्या. शर्यत मिनिटभराची, वाट बघणं अर्ध्या दिवसाचं. निघताना टायमिंग वहीत टिपून घ्या. पुढच्या वेळी त्यातला एक सेकंद जरी कमी झाला, तरी घरी पेढे आणा.