अंगठा देण्यापूर्वी

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. इंग्रजांविरुद्धच्या सशस्त्र लढ्यात उतरण्यापूर्वी भाईंनी, स्वतः वकील असलेल्या या माणसाने, शेतकरी-आदिवासींना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी धान्य बँका काढल्या आणि शाळा चालवल्या. न वाचता कागदावर उठवलेला अंगठा जमीन घेऊन जातो, हे त्या पिढीने भोगले होते.

आता कागदाशेजारी यंत्र आले आहे. गावातल्या बँक मित्राकडच्या, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडच्या, छोट्या यंत्रावर आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा दिला की पैसे हातात पडतात. कार्ड, पिन, ओटीपी काही लागत नाही. ज्या आजीला दोन हजार रुपयांसाठी मुरबाड गाठावे लागे, तिच्यासाठी ही फार मोठी सोय आहे आणि ती टिकलीच पाहिजे. म्हणूनच या सोयीतल्या फटी ओळखायला हव्यात.

ठसा चोरीला जातो कसा?

‘ठसा नीट उमटला नाही, पुन्हा ठेवा,’ असे सांगून दोनदा पैसे काढणे हा सर्वांत सोपा प्रकार. दुसरा प्रकार नकली बोटाचा. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे मिळवून त्यांच्या रबरी प्रती बनवल्या आणि इतरांच्या नावावर हजारो सिमकार्डे चालू केली. आपल्याकडे मुरबाड-शहापुरातही जमिनींचे व्यवहार सतत होतात; खरेदीखतावर ठसा प्रत्येकाला द्यावाच लागतो. ठसा जिवंत बोटाचाच आहे का, हे तपासणारे तंत्र आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये आणले. त्याने नकली बोट अडेल; पण खरे बोट दोनदा ठेवायला सांगणारा माणूस अडणार नाही.

काही वेळा ठशाचीही गरज पडत नाही. २०२४ मध्ये खारघरच्या एका महिलेला ‘लाडकी बहीण’ योजनेचा अर्ज भरताना कळले, की आपल्या आधार क्रमांकावर अर्ज आधीच भरला गेला आहे. तपास साताऱ्यातल्या एका जोडप्यापर्यंत पोहोचला. इतर महिलांचे आधार क्रमांक वापरून सुमारे ३० अर्ज भरल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. हक्काच्या दीड हजारासाठी बाईने खेटे घालायचे आणि तिच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलायचे, हा अन्याय पैशांपेक्षा मोठा आहे.

आपल्या हातात काय आहे?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोबाइल क्रमांक. गावात अर्ज बहुधा दुसराच कुणी भरून देतो आणि घाईत स्वतःचा नंबर टाकतो. मग ओटीपी आणि बँकेचे संदेश त्याच्याकडेच जातात. आधारला आणि खात्याला आपलाच, निदान घरातल्या विश्वासू माणसाचा नंबर जोडलेला आहे ना, हे आधी तपासा.

आधारची झेरॉक्स देताना ती कशासाठी दिली ते आणि तारीख तिच्यावर लिहा. शक्य तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार द्या. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा आधार केंद्रात जाऊन ठसे लॉक करता येतात. मात्र लॉक असताना रेशन दुकानातही अंगठा चालत नाही. आधी तो उघडावा लागतो, हे ध्यानात ठेवा. पैसे काढल्यावर पावती मागा, महिन्याला पासबुक भरून घ्या. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसते.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, पीएम किसान किंवा वाहनाच्या चलानच्या नावाने एपीके (ॲप बसवणारी) फाइल आली, तर ती उघडू नका. ती फोनमध्ये शिरली की ओटीपीसुद्धा चोराला वाचता येतो.

घडलेच तर

तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तिथेच गोठवता येतात. बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार दिली, तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. दुसऱ्याची ओळख चोरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

फसलेली माणसे लाजेने गप्प बसतात आणि तोच चोर शेजारच्या पाड्यावर जातो. म्हणून ही माहिती ग्रामसभेत आणि बचत गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचली गेली पाहिजे. १९३० हा क्रमांक रेशन दुकानाच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवायला खर्च फार येणार नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव कुणीतरी मांडावा.