लघुलेखनाचे नवशिके

बिरवाडीच्या ज्या तरुणांनीं लघुलेखन आरंभिलें असेल, त्यांस आम्ही एकच प्रश्न करितों : कालचें लिहिलेलें आज वाचतां येतें काय? आयझॅक पिटमननें १८३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत ध्वनि लिहावयाचे. ‘प’ व ‘ब’ यांची रेघ एकच, बारीक ती ‘प’, जाड ती ‘ब’. हात हलका पडला, कीं इंग्रजी पत्रांतील व्यापाऱ्याच्या ‘बिला’ची औषधाची ‘पिल’ होते! दुकानांत हें हंसण्यावारी जाईल. न्यायालयांत साक्षीचा एक शब्द फिरला, कीं दावा फिरतो. नवशिके मात्र आरंभींच वेगाच्या मागें लागतात, आणि त्यांचे वडील महिन्याभरांत नोकरीची चौकशी करितात. हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठी ही राज्यकारभाराची भाषा झाली. तेव्हां मराठी लघुलेखनही शिकावें, व पहिले तीन महिने घड्याळ खिशांतच ठेवावें.