श्रीगोंदा रोड, एकास सत्त्याऐंशी

आमच्या अंगणातल्या दिवाळीच्या किल्ल्यावरून एक भांडण दरवर्षी ठरलेलं असायचं. एका मामानं पुण्याहून चावीची आगगाडी आणली होती: पत्र्याचं इंजिन, दोन डबे आणि जोडून गोल करायचे रूळ. आम्ही रायगडाच्या पोटातून बोगदा काढला. आजोबा काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "महाराजांच्या राज्यात रेल्वे कुठनं आली रे?" थोरला चुलतभाऊ हजरजबाबी. "गडावर धान्य चढवायला," तो म्हणाला. ओल्या मातीत रूळ एका पातळीत बसेनात. तिसऱ्या फेरीला इंजिन घसरलं ते थेट हळिवाच्या शेतात. भाऊबीजेपर्यंत चावीही हरवली.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली नव्हती. आम्ही दरवर्षी रायगड करायचो, फार तर प्रतापगड. आमच्याच श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी, पेडगावचा बहादूरगड उभा आहे. कैद केलेल्या संभाजीराजांना १६८९ साली औरंगजेबापुढे आणलं ते इथंच. पण पेडगावचा किल्ला कुणी केल्याचं मला आठवत नाही. कारण साधं आहे. तो भुईकोट आहे. दगडमातीचा ढीग घालून वर सिंहासन ठेवलं की रायगड होतो, सपाट भुईवरच्या तटाचं काय करायचं? जे चांगलं दिसतं ते आपण करतो, जे जवळ आहे ते नाही. छोट्या आगगाड्यांचंही असंच झालं आहे.

युरोप-अमेरिकेत ही गाडी नाताळची. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीनं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीची गाडी आणि तिचे जोडायचे रूळ मांडले. गाडी एकदाच घ्यायची, पण रूळ, सांधे, स्टेशन दरवर्षी थोडं थोडं वाढवायचं, हा त्यातला खरा धंदा. अमेरिकेत १९०० साली सुरू झालेल्या लायनेल कंपनीची पहिली विजेची गाडी तर दुकानाच्या काचेत गिऱ्हाइकांचं लक्ष वेधायला केलेली होती. लोक काचेतला माल सोडून गाडीच विकत मागू लागले. पुढं ती नाताळच्या झाडाभोवती फिरू लागली आणि गावोगावच्या संग्रहालयांत सुट्टीच्या दिवसांत मांडली जाऊ लागली. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात १९९२ पासून असा देखावा असतो. त्यात गाड्या फिरतात त्या न्यूयॉर्कच्याच इमारतींमधून, आणि त्या इमारती सालं, बिया, काटक्या, पानं यांच्या केलेल्या असतात. झाडाच्या सालीतून आपलं शहर उभं करणं मला आपल्या मातीच्या किल्ल्याच्या फार जवळचं वाटतं.

आपल्याकडचं मोठं काम पुण्यात झालं. भाऊसाहेब जोशी यांनी १९८२ साली गोखले हॉलमध्ये आपल्या छोट्या रेल्वेचं प्रदर्शन भरवलं. पुढं कायमची मांडणी करायचं ठरलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडमध्ये त्यांचं लघुरेल्वे संग्रहालय सुरू झालं. कर्वे रस्त्यावरून संगम प्रेसच्या बाजूला आत वळलं की ते लागतं. पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून पोरांना पाठीवर घेऊन धावते. जोशींची गाडी कुणालाच घेत नाही, ती फक्त बघायची. एका खोलीत अख्खं शहर आहे: सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, उड्डाणपूल, वरून लोंबकळत जाणारी गाडी, वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाड्यांपर्यंत सगळं. मध्येच दिवे मंदावतात, रात्र होते आणि इवलेसे खांब उजळतात. त्या क्षणी खोलीतली माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. पोरं गाडी बोगद्यातून कधी बाहेर येते ते बघत असतात, मोठी माणसं गाड्या चालवणाऱ्या बटणांकडे.

जोशींच्या चिकाटीपुढं मान झुकते. तरी पहिल्या भेटीत एक खटकलं. त्या शहराचा तोंडवळा युरोपी आहे. उतरती छपरं, नीटनेटके डोंगर. कुठं पानटपरी नाही, फाटकापाशी खोळंबलेली जीप नाही. घरी येऊन मापं काढली तेव्हा कळलं, हा केवळ आवडीचा प्रश्न नाही.

जगात सर्वाधिक चालणारं लघुरेल्वेचं माप एकास सत्त्याऐंशी. त्याच्या दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर असतं. साडेसोळाला सत्त्याऐंशीनं गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेतलं रूळमान. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला सत्त्याऐंशीनं भागलं तर सव्वाएकोणीस. बाजारातल्या रुळांवर भारतीय डबा ठेवला की तो पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभा राहतो. अंगानं भरलेला गडी मुलाच्या चपला घालून निघावा तसा. बारकाईनं करायचं तर रूळ स्वतः पसरायचे, चाकांचे आस स्वतः लांबवायचे.

अडचण तिथंच संपत नाही. साडेतेवीस मीटरचा नव्या बनावटीचा एलएचबी डबा या मापात सत्तावीस सेंटिमीटर होतो. बावीस डब्यांची गाडी सहा मीटर. आमच्या घरात अंगण धरूनही ती मावत नाही. ब्रॉडगेजवर फार तर १७५ मीटर त्रिज्येपर्यंतचं तीव्र वळण चालतं, म्हणजे मापात दोन मीटर. खेळण्यातली वळणं मात्र छत्तीस सेंटिमीटरची असतात, खऱ्या मापात जेमतेम एकतीस मीटर. त्यामुळे प्रत्येक लघुरेल्वेवाला लबाडी करतो. डबे कमी करतो, फलाट आखूड करतो, दोन गावांमधलं रान गिळून टाकतो. ताशी शंभर किलोमीटरची गाडी त्या मापात सेकंदाला बत्तीस सेंटिमीटर जायला हवी. एवढ्यानं पोरं कंटाळतात, म्हणून तीही जोरात सोडली जाते.

मला मांडायची होती ती आमच्याकडची दौंड-मनमाड लाइन. ती सुमारे २३५ किलोमीटर. एकास सत्त्याऐंशीत ती पावणेतीन किलोमीटर होईल. तेव्हा मी फक्त श्रीगोंदा रोड स्टेशन घ्यायचं ठरवलं.

स्टेशनाच्या नावातला 'रोड' बाहेरच्यांना कळत नाही. त्याचा अर्थ गाव इथं नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून फुटतो. गाडीनं आलेल्या माणसाला उतरल्यावरही श्रीगोंदा गाठावं लागतंच. या लाइनीचा स्वभाव असा की ती माळावरून सरळ येते आणि सरळ निघून जाते. काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर, मग नगरकडे. तिच्यावरची गाडी गोल फिरवली तर ती सर्कस होईल. उपाय नाटकवाल्यांकडे आहे: दोन्ही बाजूंना विंगा. एका विंगेतून गाडी यायची, दुसरीत जायची, आणि पडद्यामागं रूळ वळवून तीच गाडी पुन्हा सोडायची. प्रेक्षकाला वाटावं, ही दौंडहून आली, ती मनमाडला गेली.

दौंडही मांडावं असा मोह झाला होता. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, हे आमच्या पिढीच्या प्रवासातलं हुकमी चहापान. आता कॉर्ड लाइन झाल्यानं काही गाड्या दौंड जंक्शनात न शिरता परस्पर वळतात, म्हणजे तिथं रुळांचा त्रिकोण झाला आहे. लघुरेल्वेत त्रिकोण ही डोकेदुखी. एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण असा बारा व्होल्टचा प्रवाह असतो. त्रिकोणात शिरून गाडी तोंड फिरवते तेव्हा डावा रूळ कुठंतरी उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्टसर्किट होतं. एक तुकडा दोन्हीकडून तोडून त्याचं धन-ऋण वेगळ्या बटणानं उलटवावं लागतं. मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या, फ्यूज उडवले आणि दौंड सोडून दिलं.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र रुळांखाली आहे. दौंड-मनमाड लाइन १८७८ साली वाहतुकीला खुली झाली. त्याआधीची दोन वर्षं दख्खनच्या मोठ्या दुष्काळाची. रेल्वेची माती टाकायचं काम दुष्काळी काम म्हणून निघालं आणि उपाशी माणसांनी हा भराव घातला. गाडी धावताना दाखवली की लोक टाळ्या वाजवतात. भराव कसा दाखवायचा? मी मांडणीचा एक कोपरा रुळांवाचून ठेवला. तिथं भराव अर्धाच आहे आणि त्यावर डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया. मापात माणूस दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर येतो. तयार पुतळ्यांच्या जर्मन डब्यांत सुटाबुटातले प्रवासी मिळतात, नवरानवरी मिळतात, छत्रीवाली मडमही मिळते. पाटीवाली बाई मिळत नाही. ती छत्रीवालीची छत्री कापून, टिकलीच्या पाकिटाचा पुठ्ठा गोल कातरून करावी लागते. लुगड्याला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद चालतो. सतरा बायांना आठ दिवस लागले.

नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात कागदपत्रं, नाणी, मूर्ती बघत लहानपणी फिरलो आहे. १९६० साली उभी राहिलेली ती संस्था जिल्ह्याचा मोठा ठेवा आहे. पण तिथल्या कपाटांपुढं शाळेची पोरं किती वेळ थांबतात तेही पाहिलं आहे. एखाद्या दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या एका टेबलावर दौंड-मनमाडचा तुकडा फिरता ठेवला, तर पोरं गाडीसाठी येतील आणि त्या अर्ध्या भरावापाशी कुणीतरी विचारेलच, इथं रूळ का नाहीत?

तूर्त माझी मांडणी ओसरीवरच्या दोन फळ्यांवर आहे. फलाट, पिंपळ, फाटक झालं. फाटकापाशी काष्टीच्या बाजाराला निघालेले बैल उभे करायचे होते. डब्यातल्या गायी ठिपक्यांच्या, सपाट पाठीच्या आणि आखूड शिंगांच्या. त्या पांढऱ्या रंगवल्या, शिंगांना टाचणीची टोकं लावली, खिल्लारीसारखी उंच. वशिंडाचं जमेना. मेणाचं केलं तर उन्हानं बसायचं, लांबीचं केलं तर बेढब व्हायचं. शेवटी पुतणीनं किल्ल्यावर पेरायला आणलेल्या मोहरीतला एक दाणा उचलला, गोंदाच्या थेंबावर टेकवला आणि पांढरा रंग दिला. दोन मिलिमीटरचा दाणा, खऱ्या मापात सतरा सेंटिमीटरचं वशिंड. अगदी बरोबर. सहा बैल झाले. रात्रभर गोंद वाळू दिला. सकाळी बघितलं तर दोन बैलांची वशिंडं मुंग्यांनी नेली होती.