उशिरा पोचणारा होकार

ग्राहक विचारतो, ‘शनिवारी माणूस पाठवाल ना?’ नागपूरच्या मनीषनगरातल्या एखाद्या ऑफिसात हेडफोन लावून बसलेली मुलगी लगेच ‘हो’ म्हणते. तो ‘हो’ पुण्यातल्या ग्राहकाच्या कानाशी पोचायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात त्याला वाटते, ही चाचरली. तो पुन्हा विचारू लागतो, तिचा होकार त्याच्या प्रश्नावर आदळतो, दोघे थांबतात आणि दोघे पुन्हा एकदम बोलतात. आवाज स्वच्छ असतो, शब्द एकही गळलेला नसतो. तरी फोन ठेवताना ग्राहकाच्या मनात ऑफिसबद्दल शंका उरते.

इंटरनेटवरच्या कॉलचा हा सर्वांत अन्यायकारक दोष, कारण तो दोष म्हणून ओळखूच येत नाही. आवाज तुटला की नागपूरकर सरळ सांगतो, ‘भाऊ, आवाज कटून राहिला,’ आणि दोष लाइनला जातो. उशीर झाला की दोष माणसाला. २००९ साली जगभरच्या दहा भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर त्यात सरासरी २०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघाले. माणसाचा कान इतक्या बारीक तालावर चालतो. २०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मुद्दाम उशीर घातलेल्या लाइनवर लोकांना बोलायला लावले, तेव्हा पलीकडचा माणूस त्यांना कमी लक्ष देणारा वाटला. उशीर यंत्राचा होता, शेरा माणसावर बसला. कॉलचे रेकॉर्डिंग ऐकून ‘जरा चटपटीत बोला’ असे सांगणाऱ्या प्रत्येक सुपरवायझरने हा निष्कर्ष लक्षात ठेवायला हवा.

मनीषनगर, बेसा, बेलतरोडी हा दक्षिण नागपूरचा फ्लॅटस्कीमचा पट्टा. अशा वस्तीत क्लासेस, पॅथॉलॉजी लॅब, बिल्डरचे बुकिंग ऑफिस, टूर-ट्रॅव्हल्सवाले यांचा धंदा फोनवर चालतो, आणि तो फोन आता अनेक ठिकाणी ब्रॉडबँडच्याच तारेवर असतो. कायद्याने ही वाट हळूहळू मोकळी केली. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, पण संगणकावरून देशातल्या साध्या फोनला कॉल लावण्याची मुभा त्यात नव्हती. ती २०१८ साली आली. नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ च्या नियमांनी कॉल सेंटरवरची बंधने सैल केली आणि घरून काम करणारा एजंटही रीतसर ब्रॉडबँडवर बसला.

आता आवाज जातो कसा ते पाहू. जी.७११ या १९७२ सालच्या पद्धतीत सेकंदाला ८,००० वेळा आवाज मोजला जातो. त्याचे साधारणपणे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट पत्ता-ठिकाणा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंतचा एकेरी उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेकांना तो जाणवत नाही. ४०० च्या वर तो जाऊच नये.

पॅकेट सारख्या अंतराने निघतात, पण पोचताना मागेपुढे होतात. यालाच जिटर म्हणतात. पलीकडचे यंत्र म्हणून काही पॅकेट साठवून ठेवते आणि मगच आवाज वाजवते. साठा मोठा ठेवला तर आवाज सलग येतो पण उशीर वाढतो, लहान ठेवला तर उशिरा आलेली पॅकेट फेकावी लागतात. डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली अमेरिकेतल्या अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर आवाज पाठवला, तेव्हाच त्यांना हे उमगले होते. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवण्यात अर्थ नाही, कारण ते येईपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. १९७८ साली हरवलेले पॅकेट पुन्हा मागवणारा टीसीपी आणि पॅकेट पत्त्यावर नेणारा आयपी हे दोन नियमसंच वेगळे झाले, त्यामागे आवाजाची ही निकड होती.

मग उशीर येतो कुठून? अंतराला फार दोष देता येत नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. नागपूर-मुंबई रेल्वेमार्ग ८३७ किलोमीटरचा. तेवढ्या लांबीच्या तारेला चार मिलिसेकंद पुरतात. माझ्या मते खरा चोर बहुधा ऑफिसातच असतो, राउटरच्या रांगेत. मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर पूल होण्याआधी गाड्या खोळंबायच्या तशी ही रांग: रस्ता रुंद असून उपयोग नाही, अडते ते एका तोंडाशी. समजा, अपलोडचा वेग १० एमबीपीएस आहे आणि राउटर एक मेगाबाइट साठवतो. कोणी टॅलीचा बॅकअप किंवा सीसीटीव्हीचे फुटेज वर चढवायला लावले की तो साठा भरतो. त्याच्या शेपटीला लागलेल्या आवाजाच्या पॅकेटला ऑफिसाबाहेर पडायलाच ०.८ सेकंद लागतात.

जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हे दुखणे चव्हाट्यावर आणले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली रांग आखूड ठेवण्याची कोडेल नावाची रीत मांडली. तिच्यातून निघालेली एफक्यू-कोडेल २०१८ पासून लेखी रूपात आहे आणि अनेक राउटरांत ‘एसक्यूएम’ या नावाखाली मिळते. तिथे वेगाची मर्यादा प्रत्यक्ष अपलोडपेक्षा किंचित कमी ठेवायची, म्हणजे रांग आपल्याच राउटरात लागते आणि आवाजाचे छोटे प्रवाह पुढे काढता येतात. शंका असेल तर पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी, चालू ठेवून बॅकअप सुरू करावा. आकडा १० मिलिसेकंदांवरून ४०० वर उडाला, तर १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करण्याआधी राउटरकडे पाहावे. महागडा प्लॅन घेऊनही ‘हॅलो, हॅलो’ करत बसलेले दुकानदार पाहून मला खरोखर वाईट वाटते.

नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रासारख्या ठिकाणाहून अमेरिकेशी बोलायचे, तर अंतरालाही किंमत येते. मुंबई-न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे ६० मिलिसेकंद तारेतच गेले, आणि तार सरळ कधीच नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा रहदारी लांबच्या वाटांनी वळवावी लागली आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या ग्राहकांना उशीर वाढेल असे कळवले. अशा धंद्याला दोन कंपन्यांच्या लाइन लागतातच. करार करताना केवळ एमबीपीएस न विचारता उशीर, जिटर आणि पॅकेट लॉस यांची हमी मागावी. दुसरी तार खरोखर दुसऱ्या वाटेने जाते का, हेही लेखी घ्यावे. बिले दोन असली, तरी दोन्ही तारा एकाच चरात पुरलेल्या असू शकतात.