मोहाचा सडवा आणि रिकामं पोट

गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाच्या भोवतालच्या जंगलात मार्च-एप्रिलच्या पहाटे मोह गळतो. फिकट पिवळं, गुबगुबीत फूल वाळलं की तपकिरी होतं, आणि त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. माडिया आदिवासींच्या घरांत ते आधी अन्न आहे, दारू नंतर.

दारूसाठी वाळलेली फुलं पाण्यात भिजत घालतात. हा सडवा. त्यातलं यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड फेस बनून उडतो आणि इथेनॉल मागे उरतं. हिशेबाने १८० ग्रॅम ग्लुकोजचं ९२ ग्रॅम. पण इथेनॉल वाढलं की यीस्टच मरतं, म्हणून सडवा एका मर्यादेपुढे कडक होत नाही. पुढचं काम चुलीचं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. त्यामुळे वाफेत इथेनॉल जास्त येतं, ती गार भांड्याला लागून ठिबकते. पहिली धार सर्वांत कडक.

पोटात गेल्यावर यकृत इथेनॉलचं आधी असिटाल्डिहाइड करतं, मग असिटिक आम्ल. वेग ठरलेला: मोठ्या माणसात तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. लिंबूपाण्याने किंवा आंघोळीने तो वाढत नाही. मिथेनॉल हे इथेनॉलचंच धाकटं भावंड, एक कार्बन कमी. पण त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांची नस मारतं. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी लोक पितात, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती उपाशीपोटी पिणाऱ्याची. जेवण नसलं की यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडतं. इथेनॉल पचवताना नेमकं हेच काम अडतं. रक्तातली साखर घसरते, माणूस बरळतो, घामाघूम होतो, बेशुद्ध पडतो. फॅल्सिपेरम मलेरियातही साखर अशीच उतरते. हेमलकशात दवाखाना चालवणारा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला तो याच मलेरियाच्या मुलखात. म्हणून तोंडाला वास आला की ‘प्यालाय, झोपू द्या’ म्हणणं धोक्याचं. त्याला कुशीवर वळवावं, तसंच दवाखान्यात न्यावं. तिथे बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर आणि मलेरिया दोन्ही तपासता येतात. शुद्ध नसताना तोंडात साखरपाणी मात्र ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं.