ओळख आणि वशिला
(द्वितीय वर्ष, कला)

‘ओळख असेल तर काम होते,’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे माझ्या कानावर ते जरा जास्तच पडले आहे. प्रवेशाचा अर्ज असो, दाखला असो की वसतिगृहातील जागा असो, ‘तिथे आपले कोण आहे?’ हा घरातील पहिला प्रश्न. अर्थशास्त्राच्या निमित्ताने मी जागतिक हवामान परिषदांविषयी वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की जिथे साऱ्या पृथ्वीच्या भवितव्याचा विचार होतो, तिथे गेलेल्या लहान उद्योजकालाही हाच प्रश्न पडतो. त्याची थोडी उकल येथे करून पाहतो.

१९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या वतीने हवामान बदलाविषयीचा करार झाला. त्यात सामील झालेल्या देशांची पहिली परिषद १९९५ साली बर्लिनला भरली. आठवी परिषद २००२ साली आपल्या दिल्लीत झाली. या परिषदेचे स्वरूप आपल्याकडील यात्रेसारखे असते. गाभाऱ्यात पूजा चाललेली असते आणि देवळाबाहेर बाजार फुललेला असतो. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत क्लाइड नदीच्या एका काठावर ‘निळा विभाग’ होता. तिथे सरकारांच्या वाटाघाटी चालल्या. समोरच्या काठावरील विज्ञान केंद्रात ‘हिरवा विभाग’ होता. तो सर्वसामान्यांसाठी होता.

निळ्या विभागात बिल्ल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. वाटाघाटींचा अधिकार फक्त सरकारांचा. बाकीच्यांना ‘निरीक्षक’ म्हणतात. निरीक्षकांचे नऊ गट आहेत: शेतकरी, कामगार संघटना, संशोधक, तरुण वगैरे. व्यापार व उद्योग हा त्यांपैकीच एक. पण एखादा कारखानदार उठला आणि निरीक्षक झाला, असे होत नाही. मान्यता संस्थांना मिळते, आणि त्याही नफा न कमावणाऱ्या. अशा एखाद्या संस्थेने त्याचे नाव पाठवावे लागते. म्हणजे ओळखी वाढविण्यासाठी जायचे, तर जाण्याकरिताच आधी ओळख हवी!

मग उद्योजक एवढा खटाटोप कशासाठी करतो? एक उदाहरण घेऊ. दिल्लीचे विद्युत मोहन यांच्या ‘टकाचार’ या कंपनीने ट्रॅक्टरला जोडता येईल असे छोटे यंत्र तयार केले आहे. शेतातील पाचट व काडीकचरा जाळून धूर करण्याऐवजी या यंत्रातून त्याचे इंधन आणि खत बनते. ऑक्टोबर २०२१ मध्ये या कामाला ब्रिटनमधील ‘अर्थशॉट’ हा दहा लाख पौंडांचा पुरस्कार मिळाला. अशा धंद्याला तीन गोष्टी लागतात. पहिली भांडवल, दुसरी गिऱ्हाईक आणि तिसरी अनुकूल नियम. हा तिसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. हवेत जाणारा कार्बन ज्याने अडविला, त्याला त्याचे श्रेय कागदावर मिळते आणि ते विकता येते. यालाच कार्बन क्रेडिट म्हणतात. देशादेशांतील अशा व्यवहाराचे मुख्य नियम ग्लासगोलाच ठरले. गाभाऱ्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला, की बाहेरच्या दुकानदाराचा भाव बदलतो. म्हणून त्याला आतली कुणकुण लागते.

आता ही ओळख होते कशी? आजकाल तिला ‘नेटवर्किंग’ म्हणतात. अनुभवी माणसे महिनाभर आधीच पत्रे पाठवून भेटी ठरवितात. देशोदेशींच्या दालनांतून फिरतात, छोट्या चर्चासत्रांना बसतात, चहाच्या रांगेत शेजारच्याशी बोलतात. आपले काम एका मिनिटात सांगता यावे लागते. समोरच्याचे कार्ड घेतले, की तो काय म्हणाला हे त्याच्या मागे टिपून ठेवतात आणि घरी परतल्यावर पत्र लिहितात.

माझे वडील चार इयत्ता शिकले आहेत. बैलबाजारात मात्र त्यांना सगळे ओळखतात. ते म्हणतात, ‘ओळख एका बाजारात होत नाही. दुसऱ्या बाजाराला तोच माणूस पुन्हा दिसला, म्हणजे होते.’ मला वाटते, सगळ्या नेटवर्किंगचे मर्म यात आले. आणि खरी विषमताही इथेच आहे. परदेशचा प्रवास, मुक्कामाचा खर्च आणि दोन आठवडे बंद राहिलेले काम, हे लहान उद्योजक एकदा कसेबसे सोसतो. मोठ्या कंपन्यांची माणसे दरवर्षी येतात. २०२३ च्या दुबई परिषदेत तेल, वायू व कोळसा उद्योगांशी संबंधित किमान २,४५६ प्रतिनिधी होते, अशी मोजणी स्वयंसेवी संघटनांच्या आघाडीने केली. त्यांच्यासाठी प्रत्येक बाजार हा दुसरा बाजार असतो.

म्हणून सगळ्या ओळखी वाईट असे मी म्हणणार नाही. त्याच पुरस्काराच्या अंतिम यादीत तमिळनाडूतील तिरुवन्नामलाईची विनिशा उमाशंकर ही शाळकरी मुलगीही होती. कोळशाऐवजी सूर्याच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या विजेवर नव्हे, तर सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या विजेवर चालणारी इस्त्रीची गाडी तिने कल्पिली. राजपुत्र विल्यम यांच्या निमंत्रणावरून २ नोव्हेंबर २०२१ रोजी ती ग्लासगोत जागतिक नेत्यांसमोर बोलली. नव्या शोधांच्या पाठीशी उभे राहा, असे तिने त्यांना सांगितले. तिच्यासाठीही कोणीतरी दार उघडलेच. मग हा वशिला नव्हे काय? माझ्या मते नव्हे. तिला कोणी बोलाविले आणि कोणत्या कामासाठी, हे साऱ्या जगाला ठाऊक होते. ओळख चारचौघांत सांगता येते; वशिला लपवावा लागतो. दुबई परिषदेपासून प्रत्येक प्रतिनिधीला आपण कोणाच्या वतीने आलो, हे नोंदणीच्या वेळी सांगावे लागते. हा नियम लहान दिसतो, पण ओळख आणि वशिला यांच्यामधली भिंत अशाच नियमांनी उभी राहते.

यापुढे जाऊन लहान उद्योजकांच्या दुसऱ्या फेरीचा खर्च कोण उचलणार, हेही ठरले पाहिजे. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला अजून कोळसाच फुंकतो. विनिशाची गाडी त्याच्यापर्यंत यायची, तर भांडवलदार, कारखानदार आणि बँकेचा अधिकारी यांची एकमेकांशी ओळख व्हावी लागेल. ती करून देणे हे परिषदेचे काम आहे. आणि शिकलेल्या आपल्यासारख्यांचेही आहे. कारण इस्त्रीवाल्याला ‘तिथे आपले कोण आहे?’ असे विचारायलासुद्धा आज कोणी नाही.